पाठ आणि अर्थ : गोदाकाठी बायबल वाचताना

धर्मग्रंथ वाचणे हे परभणी जिल्ह्यात सहसा एकट्याचे काम नसते. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा आटोपला की मंडपात ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उघडतात. व्यासपीठ चालक ओवी धरतो आणि समोरची मंडळी त्याच्या चालीने पुढे सरकते. सात दिवसांत सुमारे ९,००० ओव्या पुऱ्या होतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, बौद्ध वस्त्यांमधल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ रोज थोडा थोडा वाचला जातो. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात महिनाभर कुराण कानावर पडत राहते. ख्रिस्ती कुटुंबे या जिल्ह्यात फार थोडी. कॅथलिक पंथीयांपुरते बोलायचे तर १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात परभणी मोडते. पण बायबल साधना म्हणून वाचणे म्हणजे काय, हा प्रश्न इथल्या माणसाला अपरिचित वाटू नये. ग्रंथ अनोळखी असेल, रीत ओळखीची आहे.

या रीतीत दोन हेतू शेजारी शेजारी नांदतात. एक पाठाचा आणि दुसरा अर्थाचा. सप्ताहात सकाळी पारायण असते, पुढे दिवसात प्रवचन आणि रात्री कीर्तन. सकाळी जे नुसते म्हटले, त्यातले चार धागे रात्री उलगडून दाखवले जातात. पारायण सोडून दिले तर कीर्तन वरवरचे होते आणि कीर्तन सोडून दिले तर पोथी पुण्यापुरती उरते. बायबलच्या वाचनातही हीच दोन टोके आहेत आणि दोन्हीकडे घसरायला जागा आहे. रोजचा अध्याय औषधाच्या गोळीसारखा गिळून पुस्तक मिटणारा वाचक एका टोकाला, तर दहा भाष्ये पालथी घालून मूळ उतारा शांतपणे एकदाही न वाचणारा दुसऱ्या टोकाला. साधना यांच्या मधल्या जागेत घडते.

खुद्द बायबलमध्ये सामूहिक वाचनाचा जो सर्वांत सविस्तर प्रसंग आहे, तो सप्ताह पाहिलेल्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय. काळ ख्रिस्तपूर्व पाचवे शतक. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहुदी यरुशलेममध्ये पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा शास्त्री खास तयार केलेल्या लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पुरुष, स्त्रिया आणि समजण्याजोगी झालेली मुले उभ्याने ऐकतात. वाचन चालू असताना लेवी वंशातले मंदिरसेवक लोकांमध्ये मिसळून अर्थ सांगतात. ऐकणाऱ्यांची रोजची बोली तोवर अरामी झाली होती आणि ग्रंथ इब्री भाषेत होता, म्हणून ही गरज पडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. लोक ऐकता ऐकता रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आज रडू नका, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. पुढे मांडवांच्या सणात सलग सात दिवस वाचन होते आणि आठव्या दिवशी समारोपाची सभा भरते.

मंच, सात दिवस, समारोप, अन्न. काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाच्या पंगतीत बसलेल्या कोणालाही हा क्रम नवा वाटणार नाही. मात्र नहेम्याचा लेखक एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवतो : लोकांना समजले. त्यांच्या आनंदाचे कारणही तो तेच देतो. ऐकल्याने पुण्य लागले, असे तो कुठेच म्हणत नाही.

नव्या करारात हाच मुद्दा एकट्या वाचकाबाबत येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी राणीच्या दरबारातला एक मोठा अधिकारी यरुशलेमहून गज्जाच्या वाटेने रथातून परत चालला आहे आणि यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचतो आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प रथाजवळ येऊन विचारतो की वाचता आहात ते कळते का. अधिकारी सरळ सांगतो की कोणी वाट दाखवल्याशिवाय कळणार कसे. मग दोघे एका रथात बसून एका उताऱ्यावर बोलत जातात. शिकलेला, श्रीमंत, भाविक माणूस आपल्याला कळत नाही हे कबूल करतो, आणि त्या कबुलीत त्याला कमीपणा वाटत नाही. बायबलच्या वाचकाला याहून चांगली सुरुवात सुचवता येणार नाही.

मराठीत हा ग्रंथ याच दोन वाटांनी आला. आधी कानाने, मग डोळ्याने. कानाची वाट इथे जुनीच होती. ज्ञानेश्वरी हीच मुळी संस्कृत न कळणाऱ्यांसाठी गीतेचा अर्थ मराठीत आणणारी रचना, आणि तिचा बिघडलेला पाठ शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला एकनाथांनी शुद्ध केला. त्यानंतर ३२ वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि ओव्या सुमारे ११,०००. हे बायबलचे भाषांतर नव्हे. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा पुराणाच्या घाटात सांगितली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी ऐकायला काही हवे, ही गरज स्टीफन्सने ओळखली. लोकांची ऐकण्याची सवय त्याने मोडली नाही, तिच्यात नवा मजकूर भरला.

छापील भाषांतराचे काम बंगालमधल्या श्रीरामपूरहून सुरू झाले. विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मेहनतीतून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत आला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने पुढे आपली भाषांतरे काढली आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्या मिशनचे मोठे केंद्र झाले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. शेजारी जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

पण पाठ आणि अर्थ यांचा झगडा एकाच आयुष्यात पाहायचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. त्यांचे कुटुंब पुराणिकांचे. आईवडील आणि भावंडे गावोगाव, क्षेत्रोक्षेत्री फिरून पुराणे वाचून दाखवत आणि त्यावर उदरनिर्वाह करत. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे. कळावे अशी अपेक्षाही नसे, कारण श्रवणातच पुण्य होते. रमाबाईंनी हे सारे नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ती सिद्धांत त्यांनी डोळे मिटून स्वीकारले नाहीत; त्रैक्याच्या सिद्धांतावरून आपल्याला आसरा देणाऱ्या अँग्लिकन जोगिणींशी त्यांचा बराच पत्रव्यवहार आणि वाद झाला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. अल्पशिक्षित बाईला वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मिशनमधल्या मुलीबाळी करत. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. न कळणाऱ्या भाषेत पुराण सांगणाऱ्या घरातली मुलगी आयुष्याची अखेरची वर्षे एक ग्रंथ कळण्याजोगा करण्यात घालवते. बायबलच्या वाचनावर मराठीत यापेक्षा बोलके भाष्य झालेले नाही.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या ५ ते ७ या अध्यायांतले डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात इतके रुतले की फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या मार्गाने पोहोचलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन हे घाट त्यांनी सोडले नाहीत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

हा ग्रंथ हातात घेतल्यावर पहिली अडचण त्याच्या आकाराची. प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक आवृत्तीत ७३. ती जवळजवळ हजार वर्षांच्या कालावधीत, मुख्यतः इब्री आणि ग्रीक भाषांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली. त्यांत वंशावळी आहेत, कायदे आहेत, दरबारी इतिहास आहे, प्रेमगीते आहेत, खाजगी पत्रे आहेत. हे सर्व एकाच स्वरात वाचले की गोंधळ होतो. नीतिसूत्रे म्हणजे अनुभवाचे सार. त्यातले वाक्य प्रत्येक प्रसंगी खरे ठरेल असे वचन म्हणून ते वाचले तर ईयोबाचे पुस्तक पुढ्यात येताच सगळे कोसळते, कारण सज्जनाचे भलेच होते या समजुतीलाच ईयोब आव्हान देतो. प्रकटीकरणातली श्वापदे आजच्या वर्तमानपत्रात शोधणारे पुष्कळ आहेत. पण ते पुस्तक रोमी सत्तेच्या छायेत जगणाऱ्या छोट्या मंडळ्यांना धीर देण्यासाठी लिहिले गेले, हे लक्षात ठेवले तर निम्मी भविष्ये आपोआप गळून पडतात.

साधनेच्या क्रमाबद्दल ख्रिस्ती परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध मांडणी बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गिगो या कार्थुसियन मठवासीयाची. त्याने चार पायऱ्यांची शिडी सांगितली : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगतो, त्याची आठवण इथे हटकून होते. दोन्हींत उतारा छोटा घ्यायचा, पुन्हा पुन्हा घोळवायचा, घाई करायची नाही. गिगोच्या शिडीत मात्र मधेच वाचक तोंड वर करून कोणाशी तरी बोलू लागतो. वेदान्ती साधकाला ही पायरी थोडी अडखळवेल. वारकऱ्याला अडखळवणार नाही. मजकुराचा विचार करता करता मजकुरातल्या देवाशी संवाद सुरू होणे, हे त्याच्या घरचेच आहे.

समजून घेणे म्हणजे काय, हे एका दृष्टांतावर बारकाईने पाहता येते. मार्काच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दृष्टांत आहे. पेरणारा बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते, ते पाखरे टिपतात. काही खडकाळ जागी पडते, उगवते आणि उन्हाने करपते. काही काटेरी झुडपांत पडते आणि दडपून जाते. उरलेले चांगल्या जमिनीत पडते आणि तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. परभणीच्या काळ्या जमिनीत तिफण चालवलेल्या शेतकऱ्याला यात पहिली शंका येते ती पेरणाऱ्याच्या अकलेची. चाड्यावर मूठ धरणारी बाई बी नळ्यातून थेट तासात सोडते. पांधणीवर किंवा बरडावर दाणा सांडायचे कारणच नाही. बियाण्याची पिशवी उधारीवर आणलेली, पाऊस दगा देईल तर दुबार पेरणी ठरलेली. असे असताना हा माणूस बी रस्त्यावर का उधळतो?

गालीलातला शेतकरी बी हाताने फोकून पेरत असे आणि त्याची शेते लहान, दगडांनी आणि पायवाटांनी कापलेली असत. म्हणून काही बी वाया जाणे हा त्या पद्धतीचाच भाग. एवढे कळले की पेरणारा मूर्ख ठरत नाही. तरी शंका पूर्ण मिटत नाही, आणि मिटूही नये. कारण दृष्टांताचा एक अर्थ त्या उधळपट्टीतच आहे. जमीन पारखून मगच देणारा हा पेरणारा नाही. शुभवर्तमानात लगेच पुढे येणारे स्पष्टीकरण जमिनीच्या प्रकारांवर, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनावर भर देते. पण मूळ गोष्ट पेरणाऱ्याकडेही तितक्याच जोराने बोट दाखवते.

दुसरी गंमत शंभरपटीची. रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बियाणे लागते आणि कोरडवाहूत १० क्विंटल उतारा पडला तरी ते शंभरपट होते. ज्वारी पिकवणारा हा आकडा ऐकून डोळेही मोठे करणार नाही. पण येशूसमोर बसलेल्यांची पिके गहू आणि जव. तिथे दाण्यामागे पाच ते दहा दाणे परत आले तरी साल बरे गेले असे मानत, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांच्या कानांना शंभरपट म्हणजे अशक्यप्राय भरभराट वाटली असणार. गोष्टीचा सगळा चढ त्या शेवटच्या आकड्यात आहे, आणि ज्याला शेती येते त्याच्याच हातून तो निसटू शकतो. स्वतःचा अनुभव हे वाचकाचे मोठे भांडवल खरे, पण ग्रंथाचे रान वेगळे होते हे विसरले की तेच भांडवल फसवते.

याच कारणाने सुट्या वचनांवर भागवणे धोक्याचे ठरते. बायबल डोळे मिटून उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजच्या दिवसाचे समजायचे, ही सवय सर्व पंथांत आढळते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टनने रूढ केली आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने घातले. म्हणजे प्रेषित पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात वचने नव्हती, सलग मजकूर होता. पत्र पत्रासारखे एका बैठकीत वाचावे, ही साधी गोष्ट फार थोडे वाचक करतात. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र चार अध्यायांचे आहे. अर्ध्या तासाच्या आत संपते.

स्तोत्रसंहितेची गोष्ट निराळी. ती तुकड्यातुकड्याने वाचण्यासाठी, म्हणण्यासाठी आणि गाण्यासाठीच आहे. तिच्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देव झोपला आहे का, तोंड का लपवतो, किती दिवस वाट पाहायची, असे सवाल त्यांत बिनदिक्कत केले आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. धर्मग्रंथात असे बोलणे अनेकांना धक्का देते. परभणीकरांना ते पचायला जड जाऊ नये. गंगाखेड हे जनाबाईचे गाव, नामदेवांचे नर्सी १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होते, आणि विठ्ठलाशी भांडणे, त्याला खडसावणे, वेळेला शिव्या घालणे यात या दोघांनी काही शिल्लक ठेवलेले नाही. दुष्काळाच्या साली किंवा घरातले माणूस अकाली गेल्यावर आनंदाचे स्तोत्र ओठांवर येत नाही. विलापाचे येते आणि तीही प्रार्थनाच असते.

काही भाग मात्र कशानेही गोड होत नाहीत. यहोशवाच्या पुस्तकात नगरांतल्या माणसांच्या सरसकट कत्तली आहेत. १३७ व्या स्तोत्राचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांपर्यंत जातो. पत्रांमध्ये दासांना आणि स्त्रियांना दिलेल्या आज्ञांचा पुढे शतकानुशतके गैरवापर झाला. तिसऱ्या शतकात ओरिगेनने अशा जागी रूपकाचा आधार घेतला : नगरे म्हणजे मनातले विकार. आधुनिक अभ्यासक त्या काळच्या युद्धकथांची धाटणी आणि लेखनाचा काळ दाखवून देतात. दोन्ही उपाय उपयोगी आहेत, पण दोन्हींमुळे वाचकाचा त्रास पूर्ण जावा अशी अपेक्षा चुकीची. रमाबाईंनी जोगिणींना विचारले तसे प्रश्न ग्रंथालाही विचारता येतात, आणि असे भाग वगळून वाचणाऱ्यापेक्षा त्यांच्यापाशी अडून बसणारा वाचक ग्रंथाला अधिक गांभीर्याने घेतो.

किती वाचावे याचे गणित सोपे आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षात ग्रंथ पुरा होतो. स्कॉटिश पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला वर्षभराचा तक्ता आजही वापरात आहे. कॅथलिक उपासनेत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात : एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. सामान्य कॅथलिकांनी बायबल स्वतः वाचावे असा स्पष्ट आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धरला. वर्षात संपूर्ण वाचण्याने ग्रंथाचा नकाशा कळतो, पण लेवीय पुस्तकाशी आल्यावर बहुतेकांचा दम सुटतो. नवख्याने मार्कापासून सुरुवात करावी. १६ अध्यायांचे ते सर्वांत छोटे शुभवर्तमान. सोबत रोज एक स्तोत्र पुरे.

आणि वाचन अधूनमधून तरी चारचौघांत व्हावे, कारण एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. रूथच्या पुस्तकात विधवा रूथ जवाच्या सुगीत बवाजाच्या शेतात सरवा वेचते. पीक कापताना शेताच्या कडा आणि गळालेली कणसे गोरगरिबांसाठी सोडावीत, असा लेवीय पुस्तकाचा नियमच आहे. शिकलेला वाचक इथे नियमाची टीप वाचून पुढे जातो. ज्या बाईने ज्वारीच्या काढणीनंतर रानात वाकून स्वतः कणसे वेचली आहेत, ती मात्र दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस थबकते. दिवसभर वेचून संध्याकाळी रूथने झोडपलेले जव एक एफाभर भरले, म्हणजे वीस-बावीस लिटर. नुसत्या सरव्यात एका दिवसात इतके धान्य होत नाही. कोणीतरी मुद्दाम जास्त कणसे मागे सोडली असणार, हे ती आकडा ऐकूनच सांगते, आणि मजकूरही तेच सांगतो : पेंढ्यांतून काही कणसे काढून तिच्यासाठी टाका, असे बवाजाने कापणाऱ्यांना आधीच बजावले होते. रूथची सासू नामी हिलाही ते धान्य पाहून तोच संशय आला, आणि आज कोणाच्या शेतात गेली होतीस, हेच तिने सुनेला आधी विचारले.